दान, भिक्षा आणि वाटा : देण्याघेण्याच्या शब्दांचा एक अभ्यास

कोणत्याही संस्थेची स्मरणिका उघडली की अखेरच्या पानांवर नामावली असते. तिच्या मथळ्यावर कुठे 'देणगीदार' असे लिहिलेले असते, कुठे 'दानशूर', कुठे 'आश्रयदाते', तर कुठे नुसतेच 'हितचिंतक'. छापणारा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो आणि वाचणाराही त्यांत फारसा भेद करीत नाही. वास्तविक यांपैकी प्रत्येक शब्द देणाऱ्याला एका विशिष्ट जागी बसवतो आणि घेणाऱ्याला दुसऱ्या. 'आश्रयदाता' म्हटले की समोर आश्रित उभा राहतो. 'दानशूर' म्हटले की शौर्य एकाच्या वाट्याला येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला काय येते, हे शब्द सांगत नाही. समाजाने पाठवलेल्या ज्वारी-तांदळावर ज्या वसतिगृहातील मुलांच्या पिढ्या वाढल्या, त्या वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हे शब्द एकदा तपासून पाहावेत, या हेतूने हे टिपण लिहिले आहे.

प्रारंभ 'दान' या शब्दापासूनच केला पाहिजे. 'दा' म्हणजे देणे, या धातूपासून तो बनला. संस्कृतात आणि पालीत त्याचे रूप एकच आहे. मराठीने मात्र त्याला फार दूरवर नेले. अन्नदान, विद्यादान, भूदान, श्रमदान, रक्तदान, नेत्रदान, देहदान ही मालिका आपल्या परिचयाची आहे. सोंगट्यांच्या खेळात पडते तेही 'दान' आणि निवडणुकीत आपण करतो तेही 'मतदान'. मत हा तर घटनेने दिलेला हक्क. त्याचे 'दान' कसे होते, हा प्रश्न दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारला होता आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. 'कन्यादान' या शब्दात तर दिली जाणारी वस्तू म्हणजे एक जिवंत माणूस आहे. आपल्या विवाहविधीतून हा प्रकार गेला, हे योग्यच झाले.

पाली वाङ्मयात गृहस्थाच्या दानाचे वर्णन येते तेथे 'दान' हा शब्द बहुधा एकटा येत नाही. त्याच्या शेजारी 'चाग' म्हणजे त्याग असतो आणि 'संविभाग' हा शब्द असतो. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने 'संविभाग' हा सर्वांत महत्त्वाचा शब्द होय. त्याचा अर्थ नीट वाटून घेणे, योग्य वाटा करणे असा आहे. देणारा उंच आणि घेणारा खाली, ही कल्पना या शब्दात बसतच नाही. ताटातले चौघांत वाटले म्हणजे वाटणारा काही दाता ठरत नाही, तोही त्या चौघांतलाच एक असतो.

आता या शब्दाची फोड पाहू. 'संविभाग' मधला मूळ धातू 'भज्' म्हणजे वाटणे, वाटा देणे. भाग, विभाग, विभक्त, भाजन हे सर्व शब्द याच धातूचे. आपण रोज खातो तो 'भात'सुद्धा याच घराण्यातला. संस्कृत 'भक्त', पाली 'भत्त', मराठी 'भात' असा त्याचा प्रवास आहे आणि मूळ अर्थ आहे 'वाट्याला आलेले अन्न'. आणि 'भिक्षा'? आधुनिक भाषाशास्त्रज्ञ 'भिक्ष्' हा धातू 'भज्' या धातूचेच इच्छार्थक रूप मानतात. म्हणजे भिक्षा मागणे याचा मुळातला अर्थ 'वाटा मिळावा अशी इच्छा करणे' असा होतो. देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो संविभाग आणि घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती भिक्षा, दोहोंचे मूळ एक. भिक्खू पात्र घेऊन दारात उभा राहतो तो याचना करीत नाही. विनयाप्रमाणे त्याने शब्दाने मागायचेच नसते. तो मुकाट्याने थांबतो, घरातले जे वाढतात ते घेतो, आणि पुढे जातो. समाजाच्या अन्नात त्याचा वाटा आहे आणि त्याच्या धम्मज्ञानात समाजाचा.

मराठीत मात्र या शब्दाचे दोन तुकडे झाले. संस्कृत रूप 'भिक्षा' हे झोळी, संन्यासी, मुंज यांच्याकडे राहिले आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली. प्राकृतातून आलेले 'भीक' हे रूप रस्त्यावर आले. 'भिक्षा वाढा' म्हणणाऱ्याला आपण नमस्कार करतो. 'भीक घाला' म्हणणाऱ्याला पुढे जा म्हणतो. अर्थ एक, उगम एक. भेद आहे तो मागणारा कोण आहे यावर. व्याकरणाच्या पुस्तकात अशा जोड्यांना तत्सम आणि तद्भव म्हणतात, पण ही जोडी केवळ व्याकरणाने समजत नाही.

ती समजण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात जावे लागेल. महाराष्ट्रातील गावगाड्यात महार वतनदार होता. वेस राखणे, गावाची हद्द दाखवणे, सरकारी निरोप पोहोचवणे, पाटील-कुलकर्ण्यांच्या हाकेला कोणत्याही वेळी धावणे ही त्याची कामे. त्यांच्या मोबदल्यात खळ्यावरचे बलुते आणि घरोघरची भाकरी ठरलेली होती. म्हणजे ती मजुरी होती, रूढीने मान्य केलेला हक्क होता. पण ती घ्यायची कशी? संध्याकाळी दारोदार फिरून, अंगणाबाहेर उभे राहून, आरोळी देऊन, वरून टाकलेली झेलून. दिवसभर केलेल्या कामाची मजुरी अशा रीतीने हाती पडे की ती घेणारा भिकारी दिसावा. हक्काला भीक म्हणण्याचे याहून मोठे उदाहरण मराठी समाजात मला दुसरे दिसत नाही. मार्च १९२७ मधल्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या तरी एकाच प्रश्नाची त्या दोन टोके आहेत. कामाचा मोबदला मोबदला म्हणून मिळावा, आणि घेणाऱ्याने तो ताठ मानेने घ्यावा. महार वतने प्रत्यक्षात कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना 'दान' घेण्याचा एवढा संकोच का वाटतो, याचे उत्तर या इतिहासात आहे. मुलाला वसतिगृहात घालताना 'फुकट नको, काहीतरी फी घ्या' असा आग्रह धरणारे पालक प्रत्येक पिढीत भेटतात. त्यांना अडाणी समजू नये. भाकरीच्या आरोळीची आठवण त्यांच्या घरात अजून पुसली गेलेली नाही.

याच भूमीत याहून फार जुना असा दुसराही एक इतिहास आहे आणि तो दगडात कोरलेला आहे. कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी, कुडे येथील लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : 'देयधम'. म्हणजे देयधर्म, धम्मासाठी दिलेली वस्तू. हे देणारे कोण होते? कार्ल्याच्या चैत्यगृहाचे एक द्वार धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरविक्याने दिले. कुडे येथे एका माळ्याच्या दानाची नोंद आहे. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. हे शेवटचे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते, कारण आज आपण ज्याला 'वर्गणी' म्हणतो तिचेच हे जुने रूप होय. कोण्या एकाचे नाव पुढे नाही, सगळ्या श्रेणीचे आहे. भिक्खुणींची, गृहिणींची, यवनांची नावेही या लेखांत आहेत. राजाच्या जावयाचे दान जसे कोरले गेले तसेच अत्तरविक्याचेही.

राजाच्या त्या जावयाचा, म्हणजे नहपानाचा जावई उषवदात याचा, नाशिकच्या लेण्यातील लेख आपल्या विद्यार्थ्यांनी गणिताच्या तासाला सोडवावा असा आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा लेख. उषवदाताने लेणे संघाला दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेवली. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षयनीवी म्हणजे जिला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी कायम ठेव. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली : एकीकडे २००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेचे व्याज महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. एक कार्षापण कमी नाही की अधिक नाही. दुसऱ्या रकमेचे वर्षाचे ९० कार्षापण भिक्खूंच्या किरकोळ खर्चासाठी. हा सर्व व्यवहार नगरसभेत जाहीर केला गेला आणि दप्तरी नोंदवला गेला, हेही लेखात नमूद आहे. दान म्हणजे मन भरून आल्यावर खिशात हात घालणे, एवढाच अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. इथे घेणाऱ्याला दरवर्षी कोणापुढे उभे राहावे लागत नाही. त्याचा वाटा आधीच काढून ठेवलेला आहे.

आणखी एक गोष्ट. उषवदाताने हे दान कोणा आवडत्या भिक्खूला दिले नाही. कोणत्याही पंथाच्या, कोठूनही आलेल्या, त्या लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी ते आहे. यामागे तथागतांची एक प्रसिद्ध शिकवण आहे. महाप्रजापती गौतमीने स्वतः सूत कातून, विणून वस्त्रांची जोडी आणली आणि ती भगवंतांनी स्वतःच स्वीकारावी अशी इच्छा व्यक्त केली. भगवंतांनी ती संघाला देण्यास सांगितले, म्हणजे माझाही आणि संघाचाही सन्मान होईल, असे म्हटले. ही कथा मज्झिम निकायात आहे. ज्या माउलीने त्यांना लहानाचे मोठे केले तिच्या हातचे वस्त्रसुद्धा व्यक्तीकडून संघाकडे वळवण्यात आले. व्यक्तीला दिले की देणारा आणि घेणारा एकमेकांना बांधले जातात. संघाला दिले की घेणारा कोणा एकाचा ऋणी राहत नाही.

या प्रकाशात आजचा एक रूढ शब्द तपासावा असे मला वाटते : 'विद्यार्थी दत्तक योजना'. अनेक संस्थांच्या पत्रकांवर तो आढळतो. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण 'दत्तक' या शब्दाचाही धातू 'दा'च आहे. दत्तक म्हणजे दिला गेलेला. येथे दान पैशांचे होत नाही, शब्दाच्या अर्थाने मुलाचे होते! ज्याची आई ऊसतोडीला गेली आहे, बाप वीटभट्टीवर आहे, त्या मुलाला आईबाप आहेत. वर्षाचा खर्च कोणी उचलला म्हणून त्याला दत्तक म्हणणे हे त्या आईबापांना नसल्यासारखे करणे आहे. 'शिक्षण सहयोग' म्हणा, 'वार्षिक वाटा' म्हणा. आणि तो वाटा वसतिगृहाच्या निधीत जमा व्हावा, अमुक मुलाच्या नावे नव्हे. आपल्या मुलाचा फोटो व प्रगतिपुस्तक दरवर्षी परक्या घरी का पाठवता, असे कोणा पालकाने विचारले, तर त्याला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी तरी नाही.

देण्याची रीत हा वेगळा विषय, पण शब्दांशी तो जोडलेला आहे. मराठीत म्हण आहे की धर्माच्या गायीचे दात पाहू नयेत. म्हणजे फुकट मिळाले त्याची पारख करायची नाही, जे पडेल ते गोड मानायचे. परीक्षेला बसतो तो घेणारा. अंगुत्तर निकायात याच्या अगदी उलट आहे. तेथे परीक्षा देणाऱ्याची आहे. बेपर्वाईने दिलेले, आदर न राखता दिलेले, स्वतःच्या हाताने न दिलेले, टाकाऊ म्हणून दिलेले, परिणामाचा विचार न करता दिलेले, हे पाचही प्रकार असत्पुरुषाचे दान म्हणून सांगितले आहेत. सत्पुरुषाचे दान श्रद्धेने, आदराने, योग्य वेळी, मोकळ्या मनाने आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा न पोहोचवता दिलेले असते. 'दुसऱ्याला इजा' या शब्दांवर जरा थांबावे. दानानेही इजा होते, हे त्या काळी जाणलेले होते. अट्ठकथेने तर दात्यांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. स्वतः चांगले खाऊन दुसऱ्याला हलके देतो तो 'दानदास', स्वतः खातो तसेच देतो तो 'दानसहाय', आणि स्वतःहून चांगले देतो तो 'दानपती'. लग्नातले उरलेले जेवण रात्री अकरा वाजता वसतिगृहाच्या दारात आणून उतरवणारे, फाटक्या कॉलरचे सदरे गाठोड्यात बांधून पाठवणारे सद्गृहस्थ कोणत्या पायरीवर उभे आहेत, ते त्यांनीच पाहावे. मुलांना झोपेतून उठवून ते अन्न वाढण्याची प्रथा जेथे कोठे असेल तेथे ती बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही शब्दांचा केवळ उल्लेख पुरे. 'खैरात' हा शब्द 'खैर' म्हणजे चांगुलपणा यापासून आला, पण मराठीत 'खैरात वाटणे' हे नेहमी टोमण्यातच येते. 'जकात' हा इस्लाममधील अनिवार्य दानाचा शब्द. आपल्याकडे तो नाक्यावरचा कर झाला. 'दक्षिणा' हा मुळात यज्ञातील पुरोहिताला दिलेल्या दानाचा शब्द. पेशवाईत श्रावणमासाची दक्षिणा ब्राह्मणांनाच मिळे. पालीत मात्र 'दक्खिणेय्य' म्हणजे दानाला पात्र असा संघ, आणि ही पात्रता जन्मावर ठरत नाही. संघवंदनेत त्याच्या जवळच येणारा 'पाहुनेय्य' हा शब्द मराठी मुलांना सांगितला की त्यांचे चेहरे उजळतात, कारण त्यात आपला घरचा 'पाहुणा' आहे. राहता राहिले 'अनुदान'. त्याबद्दल विनाअनुदानित शाळेत आयुष्य काढलेल्या शिक्षकांनी लिहावे, मी काय लिहिणार! एवढेच सांगतो की दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला मिळतो तो शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला अन्न-वेतन पुरवण्याचा. हे पुरवणे तेथे दयेचे काम म्हणून येत नाही. राज्य नीट चालवण्याचा तो उपाय म्हणून येतो.

शिष्यवृत्तीही याच वर्गात मोडते. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्यासोबत करार होता की शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावी. म्हणजे दोन्ही बाजूंनी काही देणे-घेणे होते आणि ते कागदावर होते. बाबासाहेबांनीही पुढे समाजाकडे मागितले ते हिश्शाच्याच भाषेत. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग द्यावा, असे सांगितले. वीस हजार मिळवणाऱ्याला एक हजार, दोन लाख मिळवणाऱ्याला दहा हजार. भाग एकच, विसावा. त्यात कोणी दानशूर ठरत नाही आणि कोणी कमी पडत नाही.

ज्याच्याजवळ विसावा भाग काढण्याइतकेही नाही, त्याचे काय? आपल्या वसतिगृहातील मुले हा प्रश्न विचारतात. अंगुत्तर निकायात पंचशीलाच्या पालनालाच पाच महादाने म्हटले आहे. जो हिंसा करीत नाही, चोरी करीत नाही, व्यभिचार करीत नाही, खोटे बोलत नाही, नशा करीत नाही, तो असंख्य जिवांना अभय देतो. बारा वर्षांचे मूल सकाळी पंचशील ग्रहण करते आणि दिवसभर ते पाळते, तेव्हा तेही दाता असते.

अखेरीस घेणाऱ्याच्या तोंडी येणाऱ्या शब्दाविषयी. मराठीत आपण 'आभार' मानतो. त्या शब्दात 'भार' आहे. 'उपकाराचे ओझे' हा वाक्प्रचार त्याचाच सख्खा भाऊ. बौद्ध परंपरेत भिक्खू भोजनानंतर आभार मानीत नाही, तो 'अनुमोदना' करतो. दुसऱ्याच्या चांगल्या कृतीत आपणही आनंदाने सहभागी होणे असा तिचा अर्थ. हाच शब्द आपल्या सभांच्या इतिवृत्तात 'सूचक' आणि 'अनुमोदक' म्हणून रोज भेटतो, फक्त त्यातला आनंद तेवढा गळून गेला आहे. संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांना रांगेने मंचावर बोलावून, वह्या हातात देताना छायाचित्र काढून, मग त्यांच्यापैकी एकाकडून आभाराचे पाठ केलेले भाषण म्हणवून घेण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. त्याऐवजी वह्या आदल्या दिवशी वर्गातच वाटाव्यात. कार्यक्रमात नामावली एकदा वाचली जावी, तिच्यात रोख देणाऱ्यांसोबत पायली-दोन पायली धान्य देणाऱ्यांची आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायांचीही नावे असावीत, आणि वाचून झाल्यावर मुलांनी, पालकांनी व पाहुण्यांनी, सर्वांनी मिळून तीन वेळा 'साधु' म्हणावे.